आयबीएसची लक्षणं: नेमकी ओळखायची कशी आणि डॉक्टरांना सांगायची कशी

ध्रुवतारा

"पोट साफ होत नाही." पोटाची तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि यातून जवळजवळ काहीच कळत नाही. एकाला म्हणायचं असतं की तीन दिवस शौचाला झालेलं नाही. दुसऱ्याला रोज होते, पण खडा होतो, कुंथावं लागतं. तिसरा दिवसातून चारदा जातो, पातळ होते, तरी आत काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. वाक्य एकच, तक्रारी तीन. आणि तिसऱ्याने पहिल्याचा रेचक घेतला की त्याचे हाल वाढतात.

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये आतड्याला जखम नसते, गाठ नसते, डोळ्यांना दिसेल अशी सूज नसते. दुर्बिणीतून पाहिलं तरी आतडं चांगलंच दिसतं. त्यामुळे निदान बऱ्याच अंशी रुग्णाच्या सांगण्यावर उभं राहतं, आणि ते सांगणंच मोघम असेल तर उपचारही मोघम होतात. म्हणून हा धागा लक्षणांपुरता काढतो आहे. उपचारांचा विषय प्रतिसादांत येईलच.

निदानाचे पुढचे निकष आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेले, २०१६ सालचे, त्यांना ‘रोम ४’ म्हणतात. गेले ३ महिने आठवड्यातून सरासरी निदान १ दिवस पोट दुखायला हवं आणि तक्रार सुरू होऊन निदान ६ महिने झालेले हवेत. शिवाय पुढच्या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाला जाण्याची वारंवारता बदलणं, शौचाचं स्वरूप बदलणं.

यातला कणा म्हणजे दुखणं. २००६ सालच्या ‘रोम ३’ निकषांत दुखण्याबरोबर ‘अस्वस्थता’ही चालत होती. २०१६ मध्ये तो शब्द काढून टाकला, कारण प्रत्येक जण त्याचा अर्थ वेगळा लावत होता आणि कित्येक भाषांत त्याला नेमका शब्दच नव्हता. तेव्हा नुसतं पोट फुगतं, नुसतं बद्धकोष्ठ आहे किंवा नुसते जुलाब होतात, आणि दुखत मात्र अजिबात नाही, तर ते आयबीएसच्या व्याख्येत बसत नाही. त्यांची निदानं वेगळी आहेत.

‘शौचाशी संबंध’ म्हणजे काय, तेही नीट पाहायला हवं. पूर्वी निकषात ‘शौचानंतर आराम पडतो’ असं होतं. पण बऱ्याच जणांना शौचानंतर कळ उलट वाढते, म्हणून आता फक्त ‘संबंध’ म्हणतात. कळ येणं, जावं लागणं, जाऊन आल्यावर कमी किंवा जास्त होणं, ही साखळी दिसली पाहिजे. चालल्यावर, वजन उचलल्यावर किंवा कूस बदलल्यावर दुखतं आणि शौचाने काहीच फरक पडत नाही, तर ते दुखणं स्नायूचं असू शकतं किंवा आणखी कशाचं.

जागा कोणतीही असू शकते. बेंबीखाली डावीकडे जास्त वेळा दुखतं. मोठं आतडं डाव्या बरगडीखाली वळतं, तिथे वारा अडकला की कळ थेट छातीपर्यंत गेल्यासारखी वाटते आणि माणूस हृदयाच्या भीतीने घाबरतो. (छातीतलं दुखणं नवं असेल, हातात किंवा जबड्यात जात असेल, दम लागत असेल, घाम फुटत असेल तर पोटाचं समजून घरी थांबायचं नाही.)

केवडा

चांगला धागा. शौचाच्या स्वरूपासाठी ब्रिस्टल तक्ता सांगायला हवा, कारण ‘पातळ’ आणि ‘घट्ट’ हे शब्दही ज्याचे त्याचे असतात. १९९७ पासून तो सगळीकडे वापरात आहे. डॉक्टरांना नुसता आकडा सांगितला तरी चालतं.

१ म्हणजे सुट्या टणक लेंड्या. २ म्हणजे लेंड्या एकमेकींना चिकटून झालेला गाठाळ, लांबट तुकडा. ३ लांबट, पण वर भेगा असलेला. ४ लांबट, मऊ, गुळगुळीत. ५ म्हणजे मऊ सुटे गोळे, कडा स्पष्ट. ६ म्हणजे कडा फाटलेला, चिखलासारखा पसरणारा. ७ म्हणजे निव्वळ पाणी.

हा आकडा मुळात वेळेचा आहे. मोठं आतडं पाणी शोषून घेतं. मळ आत जितका जास्त वेळ रेंगाळतो तितका कोरडा होत जातो. १ किंवा २ म्हणजे फार रेंगाळला, ६ किंवा ७ म्हणजे फार लवकर पुढे सरकला. म्हणूनच रोज एकदा नेमाने जाणाऱ्यालाही बद्धकोष्ठ असू शकतं. रोज १ नंबरची होत असेल तर ती आजची नाहीच, कधीची तरी साठलेली पुढे सरकते आहे.

चौकस

शेम पडते त्याचं काय? बरेच जण ‘आव पडते’ म्हणून परस्पर जंतांची नाहीतर अमिबाची औषधं घेत राहतात.

ध्रुवतारा

महत्त्वाचा प्रश्न. आतड्याच्या आतल्या अस्तरातून बुळबुळीत स्राव सतत होत असतो, मळ सहज सरकावा म्हणून. आयबीएसमध्ये तो वेगळा दिसण्याइतका येऊ शकतो. पांढरट किंवा पारदर्शक, शेंबडासारखा, कधी मळावर गुंडाळलेला, कधी नुसताच. एवढ्यावरून जंतुसंसर्ग ठरत नाही. ‘आव’ हा शब्द आपल्याकडे या शेमेला आणि अमांशाला, दोन्हींना वापरतात, गोंधळ तिथेच होतो.

अमांशात ताप, रक्तमिश्रित शेम, सारखी कळ आणि अचानक सुरुवात असते. महिनोन्महिने अधूनमधून पडणारी पांढरी शेम, रक्त नाही, ताप नाही, वजन स्थिर, हे चित्र वेगळं आहे. शंका असेल तर शौचाची तपासणी करून घ्यावी. तपासणीशिवाय दर दोन महिन्यांनी प्रतिजैविकांचा कोर्स घेणं हानिकारक आहे. त्याने आतड्यातले उपयोगी जीवाणू विस्कटतात आणि त्यातून पुन्हा जुलाब लागू शकतात.

शेमेत रक्त दिसलं तर मात्र ते आयबीएसच्या खात्यात टाकायचं नाही. आयबीएसमुळे रक्त पडत नाही. रक्त मूळव्याधीचं असू शकतं आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. पण ते मूळव्याधीचंच आहे हे घरी बसून ठरत नाही, पाहावं लागतं.

मृद्गंध

फुगण्याबद्दल लिहिते. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात जातात. एक, पोट फुगल्यासारखं, गच्च वाटणं. दुसरी, पोट खरंच पुढे येणं. काहींना फक्त पहिली असते, घेर तसाच राहतो. काहींना दोन्ही असतात. टेप घ्या, सकाळी उठल्यावर शौचाच्या आधी आणि रात्री झोपताना बेंबीच्या पातळीवर घेर मोजा. उभं राहून, श्वास सहज सोडून. दोन आठवडे मोजलं की कळतं आपलं कोणतं.

आयबीएसमधलं फुगणं बहुधा सकाळी कमी असतं, दिवसभरात चढत जातं, रात्री सर्वांत जास्त असतं आणि झोपेत उतरतं. दिवसरात्र सारखंच राहणारं, आठवड्यागणिक वाढत जाणारं फुगणं वेगळं. त्यात पोटात पाणी साचणं, गाठ अशा गोष्टी पाहाव्या लागतात. वयाच्या पन्नाशीनंतर एखाद्या स्त्रीला पहिल्यांदाच असं फुगणं सुरू झालं, थोडं खाल्लं तरी पोट भरतं, लघवीला वारंवार जावं लागतं, तर आयबीएस म्हणून थांबू नये. अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवात अशीच फसवी असते. त्या वयात आयबीएस नव्याने सुरू होणं तसं कमीच. सोनोग्राफी आणि सीए १२५ ही रक्ततपासणी करायला सांगतात. हे मला ठळकपणे सांगायचं आहे, कारण ‘गॅस’ म्हणून यात महिने जातात.

आणि सगळं फुगणं गॅसचं नसतं. सीटी स्कॅनच्या अभ्यासांत दिसलं आहे की पोट पुढे आलेलं असताना आतला वायू फारसा वाढलेला नसतो. छाती-पोटामधला पडदा खाली सरकतो आणि पोटाच्या पुढच्या भिंतीचे स्नायू ढिले पडतात, म्हणून पोट पुढे येतं. हे आपोआप होतं, मुद्दाम नाही. गॅसच्या गोळ्यांनी काहींना फरक पडत नाही तो यामुळे. पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव, शिकवणाऱ्याकडून नीट शिकून घेतला तर, इथे उपयोगी पडतो.

रानवारा

"जेवलं की लगेच जावं लागतं, म्हणजे अन्न पचतच नाही, तसंच बाहेर पडतं." हा गैरसमज सर्वांत जास्त ऐकू येतो, म्हणून त्यावर सविस्तर.

जेवण पोटात पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो. पुढे माल येतो आहे, जागा करा, असा. हा इशारा प्रत्येक माणसात असतो, लहान बाळातही. जेवणानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात तो जोरात असतो. आयबीएसमध्ये, विशेषतः जुलाबाच्या प्रकारात, त्याला मिळणारा प्रतिसाद जास्तच तीव्र असतो, म्हणून घास संपतो न संपतो तोच घाईची लागते. पण बाहेर पडतं ते आत्ताचं जेवण नव्हे. तोंडापासून शेवटापर्यंतचा प्रवास साधारण १ ते ३ दिवसांचा असतो. बाहेर पडतं ते कालचं किंवा परवाचं.

याचा मोठा व्यावहारिक परिणाम होतो. माणूस शेवटच्या जेवणातल्या पदार्थाला दोषी ठरवतो आणि तो सोडतो. पुढच्या वेळी दुसरा पदार्थ. असं करत सहा महिन्यांत ताटात चार जिन्नस उरतात, आणि त्रास होता तिथेच. दोषी पदार्थ असतोच असं नाही. जेवण मोठं होतं, तेलकट होतं, घाईत झालं, एवढंही इशारा तीव्र व्हायला पुरतं. चरबी हा इशारा वाढवते आणि कॉफी स्वतंत्रपणे मोठं आतडं हलवते. म्हणून पहिली पायरी पदार्थ सोडण्याची नसावी. जेवण लहान करायचं, वेळा नेमक्या ठेवायच्या, तेल-तूप कमी करायचं, चहा-कॉफी दिवसाला ३ कपांच्या आत ठेवायची. हे ३ ते ४ आठवडे करून पाहायचं.

आणखी एक. पदार्थाची खरी प्रतिक्रिया किती वेळाने येते हे पदार्थावर ठरतं. दुधातली साखर पचत नसेल तर अर्धा ते दोन तासांत पोट गुडगुडायला लागतं. गहू, कांदा, लसूण यांतलं फ्रुक्टान (आपल्याला न पचणारी एक साखर) मोठ्या आतड्यात पोचून आंबायला कित्येक तास लागतात. म्हणजे रात्रीच्या फुगण्याचं कारण सकाळच्या खाण्यात असू शकतं.

केवडा

रानवारा यांना अनुमोदन. जुलाबाच्या प्रकाराचा दिवसही ओळखीचा असतो. सकाळी उठल्यावर पहिली बरीचशी बांधलेली, मग तासा-दीड तासात दुसरी, तिसरी, प्रत्येक आधीच्याहून पातळ, शेवटी नुसती शेम आणि वारा. दुपारनंतर बरंच शांत. रात्री झोप लागली की त्रास नसतो.

झोपेतून उठवणारे जुलाब ही धोक्याची खूण आहे. फरक बारीक आहे: पहाटे जाग आली आणि मग जावंसं वाटलं, हे चालतं. गाढ झोपेत असताना जुलाबाच्या कळेनेच जाग आली आणि धावावं लागलं, हे चालत नाही. आयबीएसचं आतडं झोपेत सहसा गप्प असतं. सूज असलेलं आतडं झोपेतही गप्प बसत नाही. डॉक्टर ‘रात्री उठावं लागतं का’ असं विचारतात तेव्हा त्यांना हेच जाणून घ्यायचं असतं. लघवीला उठलो आणि जाऊन आलो, ते यात मोजू नका.

अबोली_म

एक सापळा राहिला. मळाचे खडे आत साठून वाट अडली की वरचं पातळ त्यांच्या कडेने झिरपतं. वरवर जुलाब, मुळात बद्धकोष्ठ. आधी काही दिवस नीट झालेलं नसणं, मग अचानक थोडं थोडं पातळ, कपड्याला डाग, पोट जड. वयस्कर माणसांत आणि अंथरुणाला खिळलेल्यांत हे जास्त दिसतं. इथे जुलाब थांबवणारी गोळी दिली की अडथळा आणखी घट्ट होतो. डॉक्टर पोट आणि गुदद्वार तपासतात तेव्हा हे कळतं, आणि ती तपासणी टाळू नये.

‘आत राहिल्यासारखं वाटणं’ याचीही दोन कारणं आहेत. एक म्हणजे गुदाशयाची संवेदना वाढलेली असते, तो रिकामा असूनही भरल्यासारखा वाटतो. हे आयबीएसचं. दुसरं म्हणजे शौचाच्या वेळी जे स्नायू सैल व्हायला हवेत ते उलट आवळले जातात, म्हणून खरंच आत राहतं. खूप वेळ बसावं लागणं, बोटाने दाबून काढावं लागणं, मऊ असूनही बाहेर न येणं ही याची लक्षणं. इथे रेचक वाढवून उपयोग नाही, स्नायू सैल करायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याला बायोफीडबॅक म्हणतात. हे डॉक्टरांना सांगायला लाज वाटते आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं. सांगा. त्यांना यात नवीन काही नसतं.

पायांखाली लहान चौरंग ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर घेतले आणि किंचित पुढे वाकलं तर गुदाशयाचा कोन सरळ होतो. कुंथणं कमी होतं. फुकटचा उपाय आहे, दोन्ही कारणांत चालतो.

चौकस

बाकीच्या धोक्याच्या खुणा एका जागी द्याल का? आणि कोणत्या तपासण्या?

ध्रुवतारा

देतो. न प्रयत्न करता वजन घटणं. शौचातून रक्त, किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, ते आधी आठवावं). वरचेवर ताप. हिमोग्लोबिन कमी. हाताला लागणारी गाठ. जवळच्या नातेवाइकांत मोठ्या आतड्याचा कर्करोग, आतड्याच्या सुजेचे आजार किंवा सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार). वर आलेले झोपेतले जुलाब. आणि पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर पहिल्यांदाच शौचाची सवय बदलणं. यातलं एकही असेल तर आयबीएसचं लेबल बाजूला ठेवून आधी तपासण्या.

यातलं काहीच नसेल तर तपासण्यांची यादी लांब नसते. रक्तगणना, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), सिलिॲकसाठी टीटीजी आयजीए ही प्रतिपिंडांची रक्ततपासणी, जुलाब असतील तर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, आणि लक्षणांनुसार थायरॉइड. कॅलप्रोटेक्टिन पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे. आतड्यात सूज असली तर वाढतं, आयबीएसमध्ये वाढत नाही. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर सूज असण्याची शक्यता खूपच कमी. सगळ्यांना कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, लागत नाही.

गहू सोडून मग सिलिॲकची तपासणी करू नका. गहू बंद केला की प्रतिपिंडं हळूहळू उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट साफ येतो. तपासणीआधी निदान ६ आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणात गहू असावा. हे आधी माहीत नसलं की पुढे फार अडचण होते, कारण बरं वाटू लागलेल्याला पुन्हा गहू खायला सांगावं लागतं.

आणि चालू औषधांची यादी बरोबर न्या. मेटफॉर्मिनने जुलाब होतात, मॅग्नेशियम असलेल्या अँटासिडनेही. लोह, व्हेरापॅमिल, कोडीनसारख्या वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं. पित्ताशय काढल्यानंतर सुरू झालेले जुलाब हे पित्तरसाचे असू शकतात आणि त्यावर वेगळं औषध आहे. जुलाबाचा आयबीएस ठरवलेल्या साधारण चौघांपैकी एकाला मुळात हीच अडचण असते.

पारिजात

लक्षणं पोटापुरती नसतात, हे लिहायला हवं. थकवा, पाठीच्या खालच्या भागात दुखणं, डोकेदुखी, मळमळ, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, लघवीला वारंवार आणि घाईने जावं लागणं, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणं, हे सगळं आयबीएसबरोबर जास्त प्रमाणात दिसतं. पाळीच्या आधी आणि पाळीत त्रास वाढतो. गर्भाशय आकुंचन पावायला लावणारी प्रोस्टाग्लँडिन्स आतड्यालाही आकुंचन देतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांत पातळ होतं. पण दुखणं फक्त पाळीच्याच दिवसांत, दर वेळी वाढत जाणारं आणि शौच करताना जास्त असेल तर एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) विचार व्हावा.

तिथून पुढचा मुद्दा. ‘रिपोर्ट चांगले आहेत, मनाचं आहे’ असं सांगून रुग्णाला परत पाठवतात, त्याने माझा जीव तुटतो. गुदाशयात लहान फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत १९७० च्या दशकापासून दिसतं आहे की आयबीएस असलेल्या बऱ्याच जणांना इतरांपेक्षा कमी ताणालाच दुखायला लागतं. ताण खरा, संवेदना खरी, मज्जातंतूंचा आवाजच मोठा केलेला. कित्येकांना हे जुलाब-उलटीच्या संसर्गानंतर सुरू होतं. साधारण दहापैकी एकाला. कॅनडातल्या वॉकर्टन गावात २००० साली पिण्याचं पाणी दूषित झालं, तेव्हा आजारी पडलेल्या लोकांचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा झाला, आणि त्यांच्यात आयबीएसचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं. ताणतणावाने त्रास वाढतो हे खरं आहे, कारण आतडं आणि मेंदू दोन्ही दिशांनी जोडलेले आहेत. वाढवणारी गोष्ट आणि निर्माण करणारी गोष्ट वेगळी असते.

म्हणूनच आतड्यावर केंद्रित संमोहन किंवा वर्तन-उपचार कुणी सुचवले तर तो अपमान समजू नये. ते त्या आवाजाचं बटण खाली फिरवतात.

चौकस

औषधं आणि फॉडमॅपबद्दल थोडक्यात?

रानवारा

फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या, पुढे जाऊन आंबणाऱ्या साखरांचा गट. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने हा आहार पुढे आणला. तो कायमचा नाही, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. पहिले २ ते ६ आठवडे वगळणं. फरक पडला नाही तर आहार सोडून पूर्ववत खायचं, ताणायचं नाही. पडला तर एकेक गट परत आणून तपासायचा. तीन दिवस तोच पदार्थ वाढत्या प्रमाणात, मग दोन-तीन दिवस विश्रांती, मग दुसरा गट. या तपासण्यांना सहा-आठ आठवडे लागतात. शेवटी जे बाधतं तेवढंच मर्यादेत ठेवायचं. वगळण्याच्या पायरीवरच वर्षभर अडकलं तर कॅल्शियम, तंतू आणि आतड्यातले चांगले जीवाणू, तिन्ही घटतात. वजन कमी असलेल्यांनी, मुलांनी आणि खाण्याची भीती बसलेल्यांनी हा प्रयोग आहारतज्ज्ञाशिवाय करूच नये.

एक उपयोगी बारकावा: लसणातलं फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेलात अख्खी लसूण तळून पाकळ्या काढून टाकल्या तर वास राहतो, फ्रुक्टान राहत नाही. पातळ भाजीतून पाकळ्या काढून मात्र काही साधत नाही, ते आधीच पाण्यात उतरलेलं असतं.

तंतूंत इसबगोल चालतं, गव्हाचा कोंडा बहुतेकांचं फुगणं वाढवतो. इसबगोल दिवसाला एक छोटा चमचा, ३ ते ४ ग्रॅमपासून, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर सुरू करून आठवड्याला थोडं वाढवायचं. एकदम तीन चमचे घेतले की वारा आणि फुगणं वाढतं आणि लोक ‘मला चालत नाही’ म्हणून सोडून देतात. कोरडं गिळायचं नाही, घशात अडकू शकतं. इतर गोळ्यांपासून दोन तास अंतर ठेवा.

केवडा

औषधांत कुठलं कशासाठी हे कळलं तरी पुष्कळ. लोपरामाइड जुलाब आणि घाई कमी करतं, दुखणं नाही. पॉलिएथिलीन ग्लायकॉल मळ मऊ करतं, दुखणं आणि फुगणं यावर फारसं चालत नाही. कळेसाठी मेबेव्हरिन, हायोसिन, डायसायक्लोमिनसारखी आतड्याचा पेटका सोडवणारी औषधं किंवा पेपरमिंट तेलाची आवरण असलेली कॅप्सूल. मेबेव्हरिनची साधी गोळी जेवणाआधी २० मिनिटं घेतात, म्हणजे जेवणाचा इशारा सुटायच्या वेळी औषध तयार असतं. कळ सुरू झाल्यावर घेतली की उशीर होतो. पेपरमिंटची कॅप्सूल चावली किंवा फोडली तर जळजळ होते, कारण ती आतड्यात जाऊन उघडायची असते. डायसायक्लोमिनने तोंड कोरडं पडतं, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

ॲमिट्रिप्टिलीन लिहून दिलं की ‘मला नैराश्याची गोळी का’ म्हणून लोक बिथरतात. इथला डोस रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू होतो, गरजेप्रमाणे ३० पर्यंत. नैराश्यासाठी लागतो त्याहून पुष्कळ कमी. काम मज्जातंतूंच्या संवेदनेवर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲटलांटिस’ चाचणीत याच मात्रेचा सहा महिन्यांत उपयोग दिसला. त्याने थोडं बद्धकोष्ठ होतं, म्हणून जुलाबाच्या प्रकारात जास्त सोयीचं. दोन-तीन दिवसांत सोडू नका, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

मृद्गंध

डॉक्टरांकडे नेण्यासाठी दोन आठवड्यांची नोंद कशी असावी, त्याचा एका दिवसाचा नमुना देते (क्र. म्हणजे ब्रिस्टल तक्त्यातला आकडा):

"सकाळी ६:४०, क्र. ४, कळ ३/१०, जाऊन आल्यावर १. सकाळी ७:३०, क्र. ६, घाई होती, कळ ५, नंतर २. सकाळी ८:१०, नुसती शेम, रक्त नाही, राहिल्यासारखं वाटलं. घेर सकाळी ७९ सेंमी, रात्री ८५. झोप ५ तास. पाळीचा दिवस नाही. गोळी: काही नाही. जेवणं: ८:३०, १:१५, ९:४० (शेवटचं मोठं आणि तेलकट)."

एवढ्यात दुखण्याचा शौचाशी संबंध, प्रकार, घाई, फुगण्याची लय, सगळं आलं. पदार्थांची लांबलचक यादी नको, ती दुसऱ्या टप्प्यात लागते.

चौकस

या नोंदीवरून आयबीएस बद्धकोष्ठाचा, जुलाबाचा की मिश्र प्रकारचा हे ठरवायचं, तर त्यासाठी सांगतात तो २५ टक्क्यांचा हिशोब कसा? चांगले दिवसही धरायचे?

ध्रुवतारा

नाही, आणि चूक इथेच होते. क्र. १-२ एक चतुर्थांशाहून जास्त आणि ६-७ त्याहून कमी तर बद्धकोष्ठाचा प्रकार, उलट असेल तर जुलाबाचा, दोन्ही जास्त तर मिश्र, दोन्ही कमी तर अवर्गीकृत. पण मोजायचे ते फक्त निदान एक तरी बिघडलेली शौच झालेले दिवस.

समजा १४ दिवसांत २४ वेळा झाली. ८ दिवस पूर्ण चांगले गेले, त्यातल्या १२. उरलेल्या ६ दिवसांतल्या १२ पैकी ५ होत्या क्र. १-२, ४ होत्या क्र. ६-७, आणि ३ चांगल्या. बारापैकी पाच म्हणजे सुमारे ४२ टक्के, चार म्हणजे ३३ टक्के. दोन्ही पंचवीसच्या वर, म्हणजे मिश्र. चोवीसने भागलं असतं तर २१ आणि १७ टक्के आले असते, म्हणजे अवर्गीकृत.

रेचक किंवा जुलाब थांबवणारी गोळी घेतलेले दिवस हिशोबातून वगळा. रेचकाने झालेली क्र. ६ ही गोळीची असते, आतड्याची नव्हे. म्हणून शक्यतो डॉक्टरांना विचारून त्या दोन आठवड्यांपुरती ही औषधं थांबवावी, आणि थांबवणं शक्य नसेल तर त्या ओळीपुढे निदान फुली तरी मारावी.

पारिजात

फुली वेदनाशामकांपुढेही मारा. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक चालू असेल तर कॅलप्रोटेक्टिन सूज नसतानाही वाढलेलं येऊ शकतं. नमुना द्यायच्या आधी काही आठवडे ती बंद ठेवता येतील का हे डॉक्टरांना विचारा, नाहीतर एका आकड्यापायी कोलोनोस्कोपी करावी लागते.